जंताची गोळी आणि आपली अहिंसा



वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो की उद्या जंतनाशक गोळी देणार आहेत. दुसऱ्या दिवशी आपल्या समाजातली दोन-चार मुलं हमखास घरी असतात. कुणाला सर्दी झालेली असते, कुणाकडे पाहुणे आलेले असतात. खरं कारण आपल्या आपल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जीव मारायची गोळी आपण आपल्या हातानं लेकराला कशी द्यायची, हे ते कारण.

मी या शंकेला हसणार नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात दोन इंद्रियांच्या जीवाचं उदाहरण म्हणून कृमीच घेतलेला आहे. तेव्हा "जंत म्हणजे काय जीव आहे का" असं म्हणून सुटका होत नाही. जीव आहे, आणि गोळीनं तो मरतो. शाळेत देतात ती अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी जंताला साखर शोषून घेऊ देत नाही, त्याची ताकद संपते आणि तो मरून शौचावाटे पडून जातो. हे आधी सरळ कबूल करू या, मग पुढचं बोलू.

माझ्या थोरल्या जाऊबाई शिरोळ तालुक्यात असतात. घरची उसाची शेती, घर कडक व्रताचं. त्यांची नात तिसरीत. दोन वर्षं गोळीच्या दिवशी तिला शाळेत पाठवलंच नव्हतं. पोरगी गोरी दिसते म्हणून सगळे कौतुक करायचे, पण ते गोरेपण नव्हतं, पांढरेपण होतं. जिना चढली की बसायची, आणि खडू, भिंतीची माती चोरून खायची. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8. या वयाला ते निदान साडेअकरा हवं. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमी निघाले. हा कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. पालेभाजी, खजूर, गूळ-शेंगदाणे घरात सगळं होतं, पण वरून ओतायचं आणि खालून गळायचं असा प्रकार. वाणिज्य शिकलेल्या बाईला एवढा हिशेब तरी कळतो.

जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, पोरीचं बघून जीव तुटतोय, पण त्यो बी जीवच की." मी म्हटलं, "अक्का, तुमच्या लेकाला लहानपणी वावडिंग कुणी उकळून पाजलं?" त्या गप्प बसल्या. वावडिंग आपण कशाला देत आलो? पोटातले जंत जावेत म्हणूनच. आयुर्वेदात त्याला कृमिघ्न म्हटलंय, म्हणजे कृमींना मारणारं. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पिढ्यानपिढ्या केलं आणि व्रतंही पाळली. मग औषध डब्यातून आलं की ते आजीबाईचा बटवा, आणि शाळेतून आलं की हिंसा, असं कसं?

मी पंडित नाही, स्वाध्यायात ऐकलंय तेवढंच सांगते. श्रावकाला हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचं म्हणून मारणं ती संकल्पी, आणि तिचा त्याग गृहस्थालाही आहे. बाकीच्या तीन संसारात पूर्ण सुटत नाहीत, त्या कमी करत जायच्या. लेकराचं रक्त पिणाऱ्यापासून लेकराला वाचवणं मला तरी विरोधीच्या जवळचं वाटतं. तुमच्या मनात शंका असेल तर आपल्या महाराजांना, माताजींना जरूर विचारा. फक्त उत्तर मिळेपर्यंत पोराला घरी बसवू नका. महाव्रतं साधूंची असतात, आपली अणुव्रतं, आणि सात वर्षांच्या पोरानं तर त्यातलं एकही अजून घेतलेलं नाही.

"आमच्याकडं स्वच्छता असते, आमच्या मुलाला जंत नाहीत," असं एक उत्तर नेहमी ऐकू येतं. नसतील तर फारच चांगलं. मग त्या गोळीनं कुणी मरत नाही आणि मुलालाही अपाय होत नाही. असतील तर गोळी हवीच. दोन्हीकडून बघितलं तरी मुलाला घरी ठेवायचं कारण मला सापडत नाही. शाळेत सगळ्यांना एकदम देतात कारण मुलं एकाच मैदानात खेळतात, आणि जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे मातीत गेली की तिथं कित्येक महिने, कधी वर्षं टिकतात. आपल्या देशात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, 1 ते 19 वर्षांच्या सगळ्यांसाठी.

गोड खाल्लं की जंत होतात हे मात्र मनातून काढून टाका. जंत गुळातून येत नाहीत. गोल जंताची अंडी मातीतून येतात: नखांतून, न धुतलेल्या भाजीतून, हात न धुता खाल्लेल्या घासातून. अंकुशकृमीचं तर तोंडाशीही काम नाही. ओल्या मातीतून तो अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. म्हणून शेताकडं जाणाऱ्या मुलांना चप्पल घालायला सांगा, विशेषतः पावसाळ्यात. 2019 आणि 2021च्या पुरात आपल्या नदीकाठच्या गावांत काय काय वाहून आलं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. कुंभोजच्या बाहुबलीला डोंगर चढताना पायात काही घालू नये हे बरोबरच, पायऱ्यांवर बिघडत नाही. पण खाली आल्यावर पाय धुऊन चप्पल घालायची, आडरानात तसंच हुंदडायचं नाही.

मला यातली गंमत वाटते ती अशी की जंत होऊ नयेत म्हणून डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं आपल्या घरात आधीपासून आहे. जमिनीखालचं कंद आपण खात नाही. चातुर्मासात पालेभाजी सोडतो, म्हणजे चिखलाची मेथी-कोथिंबीर चार महिने घरात येतच नाही. (त्या चार महिन्यांत मुलांना नाचणी, हरभरा, तीळ, खजूर वाढवा आणि वर लिंबू पिळा, नाहीतर लोह कुठून मिळणार? शाळेत आठवड्याची गुलाबी लोहाची गोळी मिळते तीही खाऊ द्या.) पाणी गाळून पितो. बांगलादेशात मतलब भागात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घड्या घातलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळायला शिकवलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यानं कमी झाला. 2003 साली ते छापून आलं तेव्हा आमच्या घरच्या गाळण्याचा मला फार अभिमान वाटला होता. पण जंताचं अंडं मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. आपल्या फडक्यातून ते जाणारच नाही असं म्हणता येत नाही. म्हणून मुलांच्या बाटलीत गाळलेलं आणि मग खळखळून उकळलेलं पाणी द्या.

जंत पोटात शिरलेच नाहीत तर मारावे लागत नाहीत. माझ्या लेखी खरी अहिंसा इथं आहे, गोळीच्या दिवशी सर्दीचं निमित्त सांगण्यात नाही. दर रविवारी नखं काढणं, शौचाहून आल्यावर साबणानं हात, डबा उघडण्याआधी पुन्हा हात. सुनेनं हे सांगितलं तर मुलं ऐकत नाहीत, आजीनं सांगितलं तर ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता ऑगस्टची गोळी. ती चातुर्मासात येते, आणि मुलांनाही हल्ली उपवासाचा उत्साह असतो. त्या दिवशी मुलाला उपवास करू देऊ नका, पोटभर जेवून जाऊ दे. गोळी दिवसा शाळेतच चावून खायची असते, त्यामुळे रात्री तोंडात काही घालायचा प्रश्न येत नाही. ती कॅप्सूल नाही, म्हणून जिलेटिनच्या कवचाचीही चिंता नको. ताप असेल किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर बाईंना आधी सांगा. चुकलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवतात. गोळीनंतर थोडं पोट दुखलं, मळमळलं तर घाबरू नका, जंत असलेल्या मुलांना तसं होतं आणि थोड्या वेळात थांबतं. जास्त वाटलं तर डॉक्टर आहेतच.

जाऊबाईंच्या नातीनं फेब्रुवारीत शाळेत गोळी खाल्ली. लोहाचं औषध तीन महिने घेतलं, आता हिमोग्लोबिन 11च्या वर गेलंय. गोळीच्या दिवशी संध्याकाळी जाऊबाईंनी आलोचना पाठ म्हटला, जरा जास्तच वेळ. नात शेजारी बसून पेंगत होती.