प्रश्नाचा घाट आणि पुस्तकाची निवड

बारावीनंतर विधी शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने दोन प्रवेश परीक्षा असतात आणि बाजारात ‘लॉ एन्ट्रन्स’ या एकाच मथळ्याखाली त्या दोहोंची तयारी करून देणारी जाडजूड पुस्तके मिळत असली, तरी या परीक्षांची घडण मुळातच वेगळी आहे. पहिली परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी सीईटी होय. ती 2016 पासून घेतली जाते आणि तिच्या गुणांवर मविप्र समाजाचे विधी महाविद्यालय किंवा गोखले एज्युकेशन सोसायटीचे एन. बी. टी. विधी महाविद्यालय यांसारख्या शहरातील संस्थांत प्रवेश मिळतो. दुसरी परीक्षा ‘क्लॅट’. 2008 मध्ये सुरू झालेली ही परीक्षा आज राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ घेतो आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांची दारे तिच्यातून उघडतात.

सीईटीचे प्रश्न बहुतांशी सुटे व थेट असतात: संविधानातील एखादा अनुच्छेद, एखादे लॅटिन विधिवचन, एखाद्या न्यायालयाची अधिकारकक्षा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीच्या 150 प्रश्नांच्या रचनेत विधी अभियोग्यतेला 40, तर्कशक्तीला 40, सामान्य ज्ञान व इंग्रजीला प्रत्येकी 30 आणि गणिताला 10 प्रश्न होते; अलीकडे ही एकूण संख्या 120 वर आणली गेली, तरी प्रश्नांचा स्वभाव पालटला नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नसल्यामुळे पाठांतर आणि वेग यांना तेथे मोल आहे. क्लॅटमध्ये मात्र 2020 पासून बहुतेक विभाग सुमारे 450 शब्दांच्या उताऱ्यांवर बेतलेले असतात, दोन तासांत 120 प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो. म्हणूनच 2020 पूर्वीच्या प्रश्नांवर रचलेले पुस्तक, वर नव्या वर्षाचे मुखपृष्ठ चढवलेले असले तरी, क्लॅटच्या कामाचे नाही.

या भेदाचा परिणाम एका काल्पनिक प्रश्नावरून स्पष्ट होतो. समजा, उताऱ्यात ‘कठोर दायित्वा’चा नियम दिला आहे: स्वतःच्या जागेत धोकादायक वस्तू साठवणाऱ्याकडून ती बाहेर पडून नुकसान झाले, तर त्याची चूक नसतानाही तो भरपाई देण्यास बांधील असतो, मात्र नुकसान निव्वळ दैवी आपत्तीने झाले असल्यास तो सुटतो. हा नियम इंग्लंडमधील 1868 च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या निवाड्यातून आलेला आहे. पुढे प्रश्न असा की, गोदावरीला आलेल्या अभूतपूर्व पुरात कारखान्याची रसायनाची टाकी फुटली आणि शेजारची द्राक्षबाग जळाली, तर मालक जबाबदार ठरेल काय? दिल्लीतील 1985 च्या वायुगळतीनंतर एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी अपवादरहित असे ‘निरपेक्ष दायित्व’ मांडले, हे ज्या विद्यार्थ्याने पाठ केले आहे तो तत्काळ ‘होय’ म्हणतो आणि तेथेच चुकतो, कारण उत्तर उताऱ्यातील नियमावरूनच द्यायचे असते आणि त्या नियमात अपवाद आहे. असे प्रश्न हाताळायला शिकवणारे साहित्य केवळ उत्तरसूची देऊन थांबत नाही, तर उरलेले तीन पर्याय का टिकत नाहीत हेही सांगते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी कोणतेही एक स्पष्टीकरण वाचून पाहणे ही त्याची सर्वांत खरी कसोटी आहे.

दुसरी कसोटी प्रकाशनाच्या सालाची. 1 जुलै 2024 पासून 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. 511 कलमांची संहिता 358 कलमांची झाली, खुनाच्या शिक्षेचे 302 हे घराघरांत माहीत असलेले कलम 103 झाले आणि सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आली. फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा अधिनियमही याच दिवशी बदलले. सीईटीच्या थेट प्रश्नांत जुना क्रमांक सरळ गुण घालवतो. वरच्या वर्गातील मुलांनी प्रेमाने दिलेली पुस्तके नाकारणे अवघड असते आणि आर्थिक ओढ असलेल्या घरांत ती नाकारूही नयेत. संविधान, तर्कशक्ती व इंग्रजीचे विभाग त्यांतून खुशाल वापरावेत, फौजदारी कायद्याची पाने मात्र बाजूला ठेवावीत.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न याहून खोल आहे आणि मार्गदर्शकांनी त्याकडे फार कमी लक्ष दिले आहे. सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते. क्लॅट केवळ इंग्रजीत होते आणि ती भारतीय भाषांतही घ्यावी, अशी याचिका 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली होती. अशा विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्नसंच देऊन उपयोग नाही. संविधानाची मराठी व इंग्रजी प्रत समोरासमोर ठेवून अनुच्छेद 12 ते 35 सावकाश वाचणे आणि अडलेल्या संज्ञेसाठी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ उघडणे यांमुळे संकल्पना आधी मायबोलीत पक्की होते व मग इंग्रजी उतारा परका वाटत नाही. 1840 मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय जवळ असताना वर्तमानपत्रांतील अग्रलेखांसाठी मासिक वर्गणी भरण्याचीही फारशी गरज पडत नाही: सीईटीपुरत्या एका ओळीच्या चालू घडामोडी कोठेही मिळतात, पण क्लॅटच्या उताऱ्यासाठी घटनेची पार्श्वभूमी लागते आणि ती सलग वाचनातूनच येते.

सराव परीक्षांबाबत इतकेच की, सीईटी संगणकावर होते आणि क्लॅट कागदावर. पहिलीचा सराव पडद्यासमोर बसून आणि दुसरीचा छापील उताऱ्यांवर पेन्सिलने खुणा करीत, प्रत्यक्ष परीक्षेच्याच वेळेला घड्याळ लावून करावा.