हर्रासातील दीपलक्ष्मी

कासारी बाजाराच्या बाजूच्या एका जुन्या वाड्यातील वारसांनी वाटणीचा तंटा मिटवण्यासाठी घरातील जंगम मालमत्तेची हर्रास पुकारली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातील मोडीचे व्यापारी, दोन सराफ आणि माझ्यासारखे काही निरुद्योगी रसिक चौकात जमले होते. हंडे, घंगाळी, समया असा मामुली ऐवज लवकर उरकला. मग सतरंजीवर हातभर उंचीची कांस्याची दीपलक्ष्मी आणून ठेवण्यात आली.

ओंजळीत पणती धरून उभी असलेली ती स्त्री पिढ्यान् पिढ्यांच्या चिंच-राखेने चेहऱ्यावर इतकी झिजली होती की नाकाचा केवळ उंचवटा उरला होता. अंबाड्याच्या खाचेत मात्र घट्ट बसलेले कुंकू आणि पणतीच्या तळाशी जुन्या तेलाचा काळा, चिकट थर शाबूत होता. बैठकीच्या कडेला कुणीतरी कानस चालवून पाहिली होती; तेथे लालसर धातू झळकत होता. मोडवाल्याने ती उचलून तोलली आणि म्हणाला, “नाकच राहिलं नाही साहेब, वजनावर बोला.”

मला त्या वजनावर बोलण्याचा राग आला नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मेणाची मूर्ती घडवून, तिला मातीने लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची जी कृती सांगितली आहे, तीतही आधी मेण तोलावे आणि त्याच्या ठरावीक पटीत धातू घ्यावा, असाच दंडक आहे. तराजू मूर्तीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत असतो. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार कांस्यशिल्पे निघाली, त्यांचेही एकत्रित वजन साठ किलोंच्या वर भरले. ती मोडीत न जाता सरकारजमा झाली, हे आपले भाग्य.

खरे नवल वयाचे होते. बाजारात जुने म्हणजे मोलाचे, अशी रीत, येथे मात्र वारस हट्टाने सांगत होते, “शंभर वर्षं कुठली? पाऊणशे म्हणा, आजोबांनीच घेतलेली.” याचे कारण १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला: शंभर वर्षे पुरी केलेले धातुशिल्प पुरावस्तू ठरते, त्याची रीतसर नोंदणी लागते, परवान्यावाचून त्याचा व्यापार होत नाही आणि खाजगी माणसाला ते परमुलखात धाडता येत नाही. नोंदणीचा दाखला घरात नव्हता. तेव्हा दीपलक्ष्मीचे वयच कमी करणे सोयीचे. देवळांतून रातोरात नाहीशा होणाऱ्या मूर्तींचा विचार करता हा कायदा हवाच, असे माझे मत आहे. परंतु ज्या वस्तूच्या रक्षणासाठी तो केला, तिचीच खरी जन्मकथा दडवण्यास घरमालक प्रवृत्त व्हावा, ही त्यातील मोठीच उणीव म्हटली पाहिजे. कारण वय लपवले की कुळ, गाव, देव्हारा, सारेच पुसले जाते आणि अभ्यासकाच्या हाती निव्वळ धातू उरतो.

बोली धातूच्या भावाहून जरा वर जाऊन एका सराफावर थांबली. कारकुनाने पावतीवर ‘पितळी बाई, दिव्यासह, नग एक’ असे लिहिले. धातू पितळ नसून कांसे आहे, असे मी निदर्शनास आणताच थोरले वारस हात जोडून म्हणाले, “असू द्या हो, लिहिलंय ते बरं आहे,” आणि शिसवी पाळण्याचा पुकारा सुरू झाला.