सात आऱ्यांचं चाक

गाडी म्हातारी झाल्याची पहिली चुगली चाकं करतात. बॉडीला पॉलिश मारलं, सीटवर कव्हर चढवलं की बरंच काही झाकलं जातं. चाकं मात्र फुटपाथला घासलेली, काळवंडलेली, जशीच्या तशी समोर उभी. माझी माझ्दा मियाटा १९९१ची. न्यू जर्सीत ती विकत घेतली तेव्हा तिचा लाल रंग बऱ्यापैकी शाबूत होता. चाकांकडे बघवत नव्हतं.

ही टू-सीटर माझ्दाने फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टरच्या वळणाची, पण तेल न गळणारी आणि रोज सकाळी मुकाट्याने चालू होणारी. चाकंही त्याच वळणाची. साठच्या दशकात रॅलीतल्या मिनी गाड्यांवर मिनिलाइट नावाची आठ आऱ्यांची, मुळात मॅग्नेशियमची चाकं असत. माझ्दाने ॲल्युमिनियम घेतलं, आरे सात केले, व्यास चौदा इंच ठेवला. एक चाक जेमतेम साडेपाच किलोचं. चाकाचं ओझं स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं हलकं, तितका टायर खड्ड्याखळग्यांतून रस्ता धरून राहतो. टनाच्या आतल्या या गाडीला सतरा इंची जडशीळ चाकं लावून लोक नेमकं काय मिळवतात, मला कळलेलं नाही. माझी चाकं बाहेर रंगवायला द्यावीत, तर एका चाकाचे शंभर-दीडशे डॉलर सांगत होते. तेवढ्यात चारही चाकं घरी होतात, हे मला बाबांमुळे ठाऊक होतं.

साताऱ्याला आमच्याकडे बजाज चेतक होती. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी बाबा तिची चाकं काढत. रॉकेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि शेवटी सिल्व्हर, हा क्रम कधी बदलला नाही. मला सिल्व्हरची घाई असे. "गंजावर रंग मारलास तर दिवाळीपर्यंत पोपडे येतील," एवढंच ते म्हणत आणि माझ्या हातात पुन्हा पॉलिश पेपर देत. चेतकची रिम दोन अर्ध्यांची, नटांनी जोडलेली. टायरमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या नटांना पाना लावू देत नसत, कारण आतल्या दाबाने रिमचे दोन तुकडे अंगावर उडू शकतात. एकदा खड्ड्यात आदळून रिम वाकली. मी विचारलं, ठोकून रंगवू या का? "ती भंगारात जाईल," बाबा म्हणाले आणि नवी आणली. पै पै जपणारा माणूस, पण त्या खर्चावर त्यांनी घासाघीस केली नाही.

ॲल्युमिनियमचा आजार लोखंडापेक्षा वेगळा. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वरच्या पारदर्शक लॅकरला खडा लागून टवका उडाला की ते खारं पाणी आत शिरतं आणि नागअळीने पानात रेघोट्या ओढाव्यात तशा पांढुरक्या रेषा लॅकरखाली पसरत जातात. तिथे वरवर पॉलिश करून काही होत नाही, सुटलेलं लॅकर खरवडावंच लागतं. ब्रेकची काळी भुकटी हा दुसरा शत्रू. तिच्यात लोखंडाचे कण असतात. आयर्न रिमूव्हर फवारला की त्यांच्यावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. हा भाग मला फार आवडतो.

पुढचं काम चिकाटीचं. फुटपाथला घासलेली कड ८०च्या पेपरने बसवायची, खोल ओरखड्यात लांबी भरायची, मग २२०, ४०० असं चढत जायचं. टायर उतरवायची गरज नाही: हवा सोडून टायर आणि रिमच्या फटीत पत्त्यांचा जुना कॅट गोलाकार खोचला की रबरावर रंग जात नाही. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, एचिंग प्रायमर हवा. त्यावर सिल्व्हरचे आणि क्लिअरचे पातळ हात. जाड मारला की ओघळ आलाच. हार्डनरचा टू-के क्लिअर जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतात. कापडी मास्क त्यांना अडवत नाही, योग्य फिल्टरचा रेस्पिरेटरच लागतो. त्यात काटकसर नको.

नट जिथे टेकतो तो कोन आणि चाकाची हबला चिकटणारी पाठ यांवर मात्र टेप लावायची. तिथला रंग दाबाने चेपतो, निघतो आणि नट सैल होतो. आऱ्याला बारीकशी जरी चीर दिसली, तरी लांबीचा डबा बंद करायचा. ते चाक बाद. मियाटाच्या एका चाकात मला तशी चीर सापडली आणि मी जंकयार्डमधून त्याच जातीचं दुसरं आणलं. त्यालाही बाकीच्यांसारखंच घासलं, रंगवलं.

पाच फुटांवरून चाकं नवी वाटतात. जवळ बसलं तर एका कडेला लांबीचा उंचवटा जाणवतो आणि आऱ्यांच्या आतल्या बाजूला सिल्व्हर थोडं धुरकट आहे. स्प्रेच्या डब्यांच्या पैशात याहून जास्त अपेक्षा धरू नये, आणि रोज चालवायच्या गाडीला याहून जास्त लागतही नाही.

तुम्ही हे काम काढलंत तर एवढं करा: चाकं चढवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळा आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.