पाचवीचा पेपर

सरकारे येतात-जातात, पण परीक्षेचे धोरण आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. माझे वडील जुन्या व्हर्नाक्युलर फायनलचे. ती परीक्षा पास झाली की मास्तरकीची आशा असे. आमच्या वेळी नापास झालेला मुलगा जूनमध्ये मुकाट्याने पुन्हा त्याच बाकावर बसे. मग २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणेच बंद केले. लोकांनी त्याला 'ढकलगाडी' म्हणून नावे ठेवली. २०१९ साली केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीतही राहिला तर वर्ग तोच. मी परीक्षेच्या बाजूचा माणूस. आमच्या सूनबाई तर माझ्याहून कडक! नातू पाचवीत, म्हणून फाल्गुनात त्याला त्यांनी कुलदैवतालासुद्धा पाठवले नाही.

आमचे कुलदैवत नरसिंहपूरचे. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा भीमेला मिळते, तिथे लक्ष्मीनृसिंहाचे देऊळ आहे. जाताना वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या.

देवळाजवळ नारळ विकणाऱ्या बाईंशी ही बोलत बसली. (हिला अनोळखी माणसाशी बोलायला पाच मिनिटे पुरतात.) नातवाच्या परीक्षेचा विषय निघाला, तेव्हा कळले की बाई शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण निम्म्या बायका, असे कायदाच सांगतो. पुष्कळ ठिकाणी पालकांचे काम सही करण्यापुरते उरते, ही गोष्ट निराळी.

"गावच्या पोरांचं काय न्हाई काका, ती हुतील पास," बाई म्हणाल्या. "टोळीतल्या पोरीचं काय करायचं?"

टोळ्या दिवाळीच्या सुमारास बीडकडून येतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल फेडायची, म्हणून पहाटेपासून दोघेही फडात. मुलांना मागे ठेवायला तिकडे हंगामी वसतिगृहे आहेत. पण धाकट्याला सांभाळायला कोणी हवे, म्हणून दहा वर्षांची थोरली कोपीवर येते. बाईंनी अशाच एका मुलीला, कडेवरच्या भावासकट, शाळेत आणून बसवले होते. मास्तरांनीही नाही म्हटले नाही. मात्र पोरीचे नाव गावाकडच्या पटावर, पाचवीत. वर्षातले निम्मे दिवस ती तिथे नाही, आणि पेपर मात्र संबंध वर्षाचा.

मी समजूत घातली, "फेरपरीक्षा आहे ना! तोवर टोळी घरी पोचलेली असते. मधल्या काळात शिकवायचे, असे कायद्यातच आहे."

"मे महिन्यात शाळंला कुलूप असतंय, काका. शिकवायचं कुणी?"

मी हिच्याकडे पाहिले. ही नारळ निवडण्यात गुंतली होती.

बाईंनी हाच प्रश्न समितीच्या बैठकीत विचारला होता. "दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी, आपल्या हातात काय?" असे कोणी तरी म्हणाले. तरी बाईंनी तो वहीत लिहून घ्यायला लावला, मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला आणि मगच खाली सही केली.