चाळिशीनंतरची तालीम

मधल्या सुटींत मुलें आम्हांला नेहमीं एकच प्रश्न विचारतात, "सर, सध्यां किती उचलतां?" आम्हीं आंकडा सांगितला कीं त्यांचे चेहरे किंचित् उतरतात; कारण मागील महिन्याहून तो पुष्कळदां कमीच असतो. येत्या हिवाळ्यांत आम्ही पॉवरलिफ्टिंगच्या चढाओढींत उतरणार, ही वार्ता शाळेंत पसरली आहे. आणि चढाओढ जवळ येईल तसतसें मनुष्यानें दर आठवड्यास अधिकाधिक उचलीत जावें, अशी त्यांची साधी समजूत आहे. पालकांचा प्रश्न निराळा. सत्तेचाळीस वर्षांच्या शिक्षकानें हें काय आरंभिलें, असें ते उघड विचारीत नाहींत, पण नजरेंत तें दिसतें. दोघांनाही एकदांच उत्तर द्यावें, म्हणून हा लेख.

आरंभ मात्र आतांचा नव्हे. महाविद्यालयांत असतां तालमींतील जोर-बैठकांवरून आम्ही बारकडे वळलों, त्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं आम्हीं डेडलिफ्टमध्यें, म्हणजे जमिनीवरील बार उचलून ताठ उभें राहण्याच्या प्रकारांत, १८० किलो उचलले होते. तो आंकडा जुन्या वहींत आहे आणि अजून डोळ्यांपुढें नाचतो.

या खेळांत तीन प्रकार असतात: खांद्यांवर बार घेऊन बैठक मारणें, बाकावर उताणें निजून छातीवरून वजन वर ढकलणें, आणि डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारांत तीन संधी मिळतात व उत्तम वजनांची बेरीज धरतात. एखाद्या प्रकारांत तिन्ही संधी वाया गेल्या तर मनुष्य एकूण बेरजेंतून बाद होतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें प्रौढांचे निराळे गट आहेत: ४० ते ४९, ५० ते ५९, ६० ते ६९ आणि ७० वर्षांपुढील. म्हणजे आमची गांठ विशीच्या पोरांशीं नाहीं, एवढें समाधान.

आतां तयारीविषयीं. नवशिका मनुष्य दर आठवड्यास बळ मिळवितो; अडीच किलोची भर त्याला सहज पेलते. जुन्या मनुष्याचें तसें नसतें. वर्षभर घाम गाळून पांच किलो वाढले तरी त्यानें आनंद मानावा. त्यामुळें त्याच्या बारा आठवड्यांच्या आराखड्याचा हेतूच वेगळा असतो. पंचवीस वर्षें जें सांठविलें, तें ठरल्या दिवशीं शाबूत हातीं यावें, एवढेंच त्यानें पाहावयाचें. येथेंच पुष्कळांची फसगत होते. एका व्यायामशाळेंत सर्वांना एकच छापील तक्ता देत असत: आठवड्यास सहा दिवस, प्रत्येक दिवस जड. तो तक्ता आम्हीं आदरपूर्वक घडी करून खिशांत ठेविला, व पुढें त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली.

बळ लोखंड उचलतांना येत नाहीं, उचलल्यानंतरच्या विश्रांतींत येतें. आणि वय वाढतें तशी ही भरपाई मंद होते. स्नायू त्या मानानें लवकर सांवरतात. त्यांना हाडांशीं जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश. म्हणून आम्ही आठवड्यास तीनच दिवस उचलतों, आणि जड डेडलिफ्ट एकदांच. पहिल्या महिन्यांत आपल्या कमाल वजनाच्या शेंकडा ७० च्या आसपास, पांच-सहा वेळां. दुसऱ्यांत शेंकडा ८० ते ८५, तीन वेळां. तिसऱ्यांत शेंकडा ९० पर्यंत, एकदां किंवा दोनदां. तीन आठवडे चढल्यावर एक आठवडा मुद्दाम हलका. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आम्हीं या हलक्या आठवड्यांतच बसविले आहेत, कारण जागरण आणि जड बैठका यांचें जमत नाहीं. शेवटच्या दहा दिवसांत वजन व फेऱ्या दोन्ही उतरवावयाच्या. हें सर्वांत कठीण. अंगांत जोर असतां स्वस्थ बसणें आमच्या स्वभावांत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांचे कांहीं पालक येथील अणुसंशोधन केंद्रांत नोकरीस आहेत. त्यांपैकीं एकांनीं वही चाळून "याचा आलेख काढा" अशी सूचना केली. काढला. तो जिन्यासारखा चढत न जातां ट्रॉम्बेच्या खाडींतील भरती-ओहोटीसारखा निघाला. कोळीवाड्यांतील म्हाताऱ्यांना हें समजावून सांगावें लागलें नाहीं. पाणी उतरलें असतां ते होडीशीं झोंबत नाहींत, जाळीं दुरुस्त करीत बसतात. सुके बोंबील खाल्ल्यानें बळ येतें असेंही ते सांगतात, आणि त्यांत खरोखरच प्रथिनें भरपूर असल्यामुळें आम्ही वाद घालीत नाहीं.

वय झालें म्हणजे सर्व संपलें, हेंही खरें नव्हे. अमेरिकेचा नॉर्बर्ट शेमान्स्की १९४८ च्या ऑलिंपिकमध्यें वेटलिफ्टिंगचें रौप्यपदक मिळवून गेला, १९५२ मध्यें त्यानें सुवर्णपदक जिंकलें, पुढें पाठीवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तरीही १९६० आणि १९६४ मध्यें त्यानें कांस्यपदकें मिळविलीं. शेवटच्या वेळीं तो चाळीस वर्षांचा होता. १९९० सालीं अमेरिकेंतच एका वृद्धाश्रमांतील नव्वदीच्या घरांतील मंडळींकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या पायांचें बळ सरासरी दुपटीहून अधिक वाढलें. आजीआजोबांना खुर्चींतून हात धरून उठविणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें. मात्र श्वास कोंडून जड वजन उचलतांना रक्तदाब एकदम चढतो. म्हणून चाळिशीपुढील मनुष्यानें प्रथम डॉक्टरांकडे जावें. आम्ही गेलों होतों. रक्तदाब ठीक निघाला, उजवा खांदा तितका नाहीं.

त्या खांद्यावरून घरीं बोलणें झालें. "अहो, खांदा गेला तर फळ्यावर लिहिणार कशानें?" असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, आणि त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल खेळांत सांगलीच्या संकेत सरगरनें दुसऱ्या प्रयत्नांत कोपर दुखावलें असतांही तिसरा प्रयत्न केला. त्याचे २४८ किलो झाले, सुवर्ण एका किलोनें हुकलें. त्या प्रसंगीं आमचे डोळे भरून आले होते. पण तो तरुण होता आणि देशासाठीं उभा होता. आमच्यामागें दहावीचा वर्ग आहे.

तेव्हां असें ठरलें आहे: डेडलिफ्टची पहिली संधी १६० किलोंवर, म्हणजे ताप अंगांत असला तरी उचलेल इतकी, दुसरी १७२.५ वर. तिसऱ्या संधीचा रकाना कोरा आहे. तेथें १८२.५ लिहावयाचें कीं नाहीं, तें दुसरी संधी झाल्यावर खांद्यास विचारून ठरवूं. सौभाग्यवतींनीं पुढच्या रांगेंतील खुर्ची मागितली आहे.