नेमकी बाजू

कॅडिसफ्लायच्या किमारा वंशातल्या नराचं खालचं उपांग बाजूनं नेमकं कसं दिसतं, या एका प्रश्नात माझ्या नोकरीतल्या बहुतेक संध्याकाळी गेल्या असं कुणी म्हणालं तर मला ते खोडून काढता येणार नाही. घरचे तसं म्हणतातच. निवृत्तीनंतर हा नाद सुटेल अशी त्यांना आशा होती. नाद काही सुटला नाही, हाताला कंप मात्र सुटला.

ज्यांना कॅडिसफ्लाय हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ओढ्याकाठी रात्री दिवा लावला की पांढऱ्या कापडावर पतंगांबरोबर हेही येऊन बसतात. पतंगांचे जवळचे नातलग, पण पंखांवर खवल्यांऐवजी केस. अळ्या पाण्यात वाढतात. काही अळ्या वाळूची, काटक्यांची घरं बांधतात आणि जगाला कौतुक असतं ते या घरांचंच. हेलिकोसायकी वंशातल्या अळीचं वाळूचं घर शंखाच्या वळणाचं असतं, इतकं हुबेहूब, की १८३४ साली आयझॅक ली या अमेरिकी शंखतज्ज्ञानं ते गोगलगायीची नवी जात म्हणून छापलं होतं. ऐकायला छान आहे. पण माझं काम अळी संपल्यावर, खरं तर प्रौढ कीटकही अल्कोहोलमध्ये मेल्यावर सुरू होतं. किमारा म्हणजे काळपट, पाच-सहा मिलिमीटरचं प्रकरण. पंखांच्या शिरांवरून वंश कळतो, जात कळत नाही. जात कळते ती नराच्या पोटाच्या अगदी टोकाला, नवव्या-दहाव्या खंडांत आणि तिथल्या उपांगांत. एरवी एकसारखे दिसणारे दोन नर तिथे मात्र एकमेकांना ओळखही देत नाहीत.

असं का, याची उत्तरं जुनी आहेत. लेऑं द्युफूर यांनी १८४४ मध्ये किल्ली-कुलपाची कल्पना मांडली: एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपात बसू नये म्हणून. विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की गोष्ट कुलपाची नसून मादीच्या पसंतीची आहे. मला एबरहार्ड पटतात. पण खरं सांगायचं तर या वादाशी माझं पोट बांधलेलं नाही. ती इंद्रियं वेगवेगळी आहेत एवढं मला पुरतं. ती तशी का झाली याचा घोर ज्यांना हातानं काही करायचं नसतं त्यांनी करावा.

आता अडचण. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम केलं की मांस विरतं आणि उरतं ते पारदर्शक, पिवळसर कवच. ते ग्लिसरीनमध्ये सोडायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि बाजूचं चित्र काढायचं. यातलं ‘बाजूचं’ हे पद लिहायला सोपं आहे. ग्लिसरीनमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा तुम्ही ठेवता तसा राहत नाही. तो तरंगतो, हळूच फिरतो, सुईनं सरळ केला की सुई काढताना पुन्हा कलतो. आणि तो थोडासा जरी कलला तरी खालच्या उपांगाची वरची कड, जी खोलगट होती, ती सरळ दिसू लागते. टोक अणकुचीदार होतं ते बोथट दिसतं. नवव्या खंडाच्या पोटाकडचा छोटा दात, ज्याच्यावर निम्म्या जाती ठरतात, तो आखूड होतो. म्हणजे एकाच नरातून मला तीन जाती काढून देता येतील, फक्त सुईच्या टोकानं.

सरळ बाजू ओळखायची खूण आम्हा सगळ्यांना शिकवलेली असते: डावं आणि उजवं एकमेकांवर बरोबर बसलं पाहिजे. फोकस वरखाली करा, जवळची कड आणि पलीकडची कड एकाच रेषेत आली की थांबा. पण त्या कधीच पूर्ण एका रेषेत येत नाहीत. प्राणी मुळात पूर्ण सममित नसतो, आणि पोटॅशमध्ये उकळताना एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फुगते. नववा खंड जुळवला की खालची उपांगं सरकतात. उपांगं जुळवली की नवव्या खंडाची मागची कड दोन-दोन दिसते. मग काय जुळवायचं? मी नववा खंड जुळवतो, कारण तो कडक असतो, कमी वाकतो. पण फरक सांगायचा असतो उपांगांचा. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच मी किंचित तिरपं काढत आलो आहे. हे मला माहीत आहे, माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला आपापल्या परीनं माहीत आहे, आणि शोधनिबंधात आम्ही सगळेच ‘पार्श्वदृश्य’ एवढंच लिहून मोकळे होतो.

जुन्या मंडळींनी ही कटकट एका फटक्यात मिटवली होती. ते तुकडा कॅनडा बाल्समच्या थेंबात ठेवत, वर काच दाबत आणि स्लाइड कायमची करत. झालं! शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताला त्या दिवशी जो कल आला तो कायमचा. परदेशी संग्रहातल्या अशा स्लाइडसमोर बसून मी चक्क हात चोळले आहेत. उपांग समोर दिसतंय, चपटं, तिरपं, आणि ते थोडं फिरवता येत नाही. त्या स्लाइडवरून ठरवलेली जात खरी की नुसती कललेली, हे सांगणारा आता कुणी नाही.

फर्नान्ड श्मिड यांच्याविषयी मला राग आहे, आणि तो मत्सरातून आलेला आहे हेही मी जाणतो. हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला माणूस, पुढे कॅनडात स्थायिक झालेला. विसाव्या शतकाच्या मध्याला तो सिलोनपासून हिमालयापर्यंत हिंडला आणि आपल्याकडच्या शेकडो जातींचं वर्णन करून १९९८ मध्ये गेला. भारतातल्या कॅडिसफ्लायवर काम करणाऱ्याला श्मिड टाळता येत नाहीत. मी फ्रेंच शिकलो ते प्रामुख्यानं त्यांच्यासाठी. सिलोनच्या कॅडिसफ्लायवरचं त्यांचं १९५८ चं काम फ्रेंचमध्ये आहे, आणि सह्याद्रीत काही सापडलं की पहिली तुलना सिलोनशीच करावी लागते. तर त्यांच्या चित्रांत डावं-उजवं कायम बरोबर बसलेलं असतं. नववा खंडही जुळलेला, उपांगंही जुळलेली. एकही रेघ दोनदा नाही. हे कसं शक्य आहे? माझा संशय असा की ते दोन वेळा बघत, एकदा खंड जुळवून आणि एकदा उपांग जुळवून, आणि कागदावर दोन्ही एकत्र आणत. म्हणजे प्रत्यक्षात कुठल्याच कोनातून न दिसणारं चित्र. पुरावा नाही. पण मीही तसं करून पाहिलं, चित्र सुंदर झालं आणि मी ते छापलं नाही. छापायचं धाडस झालं नाही असं वाचलंत तरी चालेल.

दुसऱ्या टोकाला लॉंगिनोस नावास हे स्पॅनिश जेझुइट पाद्री. हजारो कीटकांना नावं देऊन ते १९३८ मध्ये वारले, आणि त्यांची वर्णनं नि चित्रं इतकी तुटपुंजी की पुढच्या पिढ्या ती निस्तरण्यातच दमल्या. आज मला नावासांचे वारस वेगळ्याच वेशात दिसतात. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ब्रॅकोनिड गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या जाती एका निबंधात आल्या. बहुतेकींची ओळख काय, तर एक फोटो आणि डीएनएच्या एका तुकड्यातल्या अक्षरांचा क्रम. मी डीएनएच्या विरोधात नाही. मादी आणि अळी कुणाची हे कळायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. आमच्याकडे माद्यांचं वर्णन वर्षानुवर्षं राहूनच जातं ते त्यामुळे सुटेल. पण अक्षरांच्या रांगेला ओढ्याकाठी बसलेला माणूस ओळखणार कसा? शिवाय ज्या देशात सीक्वेन्सिंगचे पैसे मंजूर व्हायला वर्ष जातं तिथे ही लोकशाही नव्हे, जहागिरी आहे.

तेवढंच वाईट मला आपल्या कॉलेजांचं वाटतं. झुरळ, बेडूक, गांडूळ यांचं विच्छेदन अभ्यासक्रमातून गेलं, आणि ज्या कारणांसाठी गेलं ती चुकीची नव्हती. पण त्याबरोबर सुई धरलेला हात गेला. एम.एस्सी. झालेली मुलं चिमटा पेन्सिल धरल्यासारखा धरतात. त्यांचा दोष नाही. त्यांना स्क्रीनवर पोट उघडायला शिकवलं.

माझा हात गेला तो मात्र वयानं. पन्नास पट मोठ्या दिसणाऱ्या तुकड्याबरोबर कंपही पन्नास पट मोठा दिसतो. आधी मनगट टेकवलं, मग कोपर, मग चहा सोडला. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलं; गोळीनंतर काही तास हात बरा राहतो आणि बाकीचा मी सुस्त होतो. अखेर ज्या मुलीला मी गाइड म्हणून नव्हे, निव्वळ शेजारधर्म म्हणून शिकवत होतो, तिच्या हाती सुई दिली.

तिनं पहिल्याच महिन्यात ग्लिसरीन बाजूला ठेवलं. करोनाच्या काळातली हँड सॅनिटायझरची जेल तिनं काचेच्या वाटीत ओतली, वरून अल्कोहोल सोडलं, आणि तुकडा त्यात खोचला. तो हलला नाही. ही युक्ती जगात बरेच जण वापरतात हे मी वाचलं होतं. वाचून मी ती वापरली नव्हती, कारण तरंगत्या तुकड्याला नेमक्या क्षणी पकडणं हेच माझं कौशल्य होतं आणि जेलमध्ये त्याची गरजच उरत नाही.

आंबोलीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यानंतर मिळालेला एक नर आम्ही असा बघत होतो. खालचं उपांग बाजूनं अडकित्त्याच्या पात्याच्या वळणाचं, टोकाकडे एकदम अरुंद. सिलोनच्या एका जातीच्या जवळचं, पण फॅलसमधले, म्हणजे लिंगातले, काटे वेगळे. मी म्हणालो, ‘‘झालं, हीच बाजू.’’

‘‘सर, थोडा डावीकडे कललाय.’’

‘‘कललेला नाही गं. तसाच आहे तो.’’

‘‘मग सर, दोन्ही काढू या ना. तुमचा कोन आणि माझा. खाली लिहू, कुठला खंड जुळवलाय ते.’’

इतकं साधं वाक्य. चित्राखाली लिहायचं: हे नववा खंड जुळवून, हे उपांग जुळवून. दुसऱ्याला माझा कोन कळेल आणि तो माझ्याशी भांडू शकेल. ते मला कधी सुचलं नाही असं मी म्हणणार नाही, सुचलं होतं. पण तसं लिहिलं की चित्र एक मत होतं, आणि मला माझी चित्रं निकाल म्हणून हवी होती. माझ्या ठिपक्यांच्या छटा, प्रत्येक केसाच्या मुळाशी काढलेलं बारीक वर्तुळ, हे सगळं बघून कुणी चित्राखालचं नाव न वाचता ‘हे यांचं’ म्हणावं, अशी इच्छा मी बाळगली. एकदा एका परक्या निबंधात माझं चित्र न विचारता छापलेलं दिसलं तेव्हा राग यायला हवा होता. मी ते पान घरी सगळ्यांना दाखवलं.

ती फोटोंच्या थरांवरून टॅब्लेटवर रेषा काढते. पारदर्शक तुकड्याच्या फोटोत जवळचं आणि पलीकडचं सारख्याच ठसठशीतपणे दिसतं, म्हणून निवड करावीच लागते, आणि ती निवड तिला जमते. तिच्या रेषेला माझ्या रेषेचा डौल नाही. पण ती खरी आहे, आणि तिला ती पुसून पुन्हा काढायला लाज वाटत नाही.

निबंध पाठवला आहे. त्यात दोन पार्श्वदृश्यं आहेत, दोन्हींखाली काय जुळवलं ते लिहिलेलं. कायद्याप्रमाणे मूळ नमुना अधिकृत संग्रहात दिला आहे; तो कुपीत सुटा आहे, स्लाइडवर नाही, कुणालाही फिरवून बघता येईल. जातीचं नाव इथे देत नाही, कारण वर्णनाविना छापलेल्या नावाला प्राण्यांच्या नामकरणाची संहिता ओळखत नाही. चित्रं सगळी तिची आहेत. जातीच्या नावापुढे लेखक म्हणून आम्हा दोघांची नावं येतील, आधी माझं, मग तिचं. हा क्रम तिनंच वयाचा मान म्हणून सुचवला. मी नाही म्हणालो नाही.