एक मिलीग्रामचा व्यापार

आमच्या धंद्यात माल दिसत नाही. किराणावाल्याला तूरडाळ मुठीत घेऊन दाखवता येते, कापडवाल्याला ठाण उलगडता येतं. फार काय, विमा विकणारा गृहस्थ निदान स्वतः तरी दिसतो. आम्ही मागवतो ती पेप्टाइडं. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, तिच्यावर तिला न पेलणारी भली मोठी चिठ्ठी, आणि आत? आत काही नाही. उजेडात धरली, तिरपी केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली, की तळाशी कुणीतरी पिठाचा हात झटकावा तसं काहीतरी पांढुरकं दिसतं. ते एक मिलीग्राम. याची किंमत मी एकदा सांगलीच्या बाजारातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला सांगितली. त्यांनी मला पाणी प्यायला दिलं.

मी मूळचा सांगलीचा. बी.कॉम. बायको शास्त्रज्ञ. तिला हॉलंडात लायडन गावी नोकरी लागली, तेव्हा तिच्या इतर सामानाबरोबर मीही आलो. सहा महिने घरी बसून कंटाळलो आणि एका प्रयोगशाळेच्या खरेदी खात्यात चिकटलो. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "रसायनशास्त्र येतं?" म्हटलं, "नाही, हिशेब येतो." ते म्हणाले, "उत्तम. रसायनशास्त्र येणारे इथं चाळीस आहेत."

तरी जो माल मागवायचा तो काय आहे हे कळायला नको? बायकोनं समजावलं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी मुख्यतः वीस जातींचे; पण सगळी गंमत क्रमात. ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिन या दोन्ही माळा नऊ-नऊ मण्यांच्या. फरक फक्त दोन मण्यांचा. पण पहिली बाळंतिणीला कळा आणते, तर दुसरी मूत्रपिंडाला सांगते, 'पाणी जपून!' मागणीपत्रात दोन अक्षरं इकडची तिकडं झाली तर काय होईल, या विचारानं मी त्या रात्री झोपलो नाही. तेव्हापासून मी प्रत्येक मागणीपत्र तीनदा वाचतो, तिसऱ्यांदा शेवटाकडून.

माळ ओवायची रीतही ऐकण्यासारखी आहे. देवळाबाहेरची फुलवाली दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधते आणि भराभर गजरा गुंफते, हे आपण पाहिलेलं आहे. ब्रूस मेरिफिल्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६३ साली नेमकं हेच केलं. अंगठ्याच्या जागी त्यानं प्लॅस्टिकचा बारीक दाणा घेतला. पहिला मणी दाण्याला चिकटवायचा, उरलंसुरलं धुऊन टाकायचं, मग दुसरा मणी, पुन्हा धुणं. या युक्तीला १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्या गणपती देवळापाशी बसणाऱ्या मावशींना अजून काही मिळालेलं नाही.

पण हिशेब माझा प्रांत, म्हणून मी आकडेमोड केली. प्रत्येक गाठ शंभरात नव्व्याण्णव वेळा अचूक बसली, तरी तीस गाठींच्या शेवटी बिनचूक माळा भरतात जेमतेम पाऊण हिस्सा. बाकीच्यांत कुठं मणी गळलेला, कुठं ओवणं अर्धवट. त्यांतून चांगल्या निवडायच्या आणि दाखल्यावर लिहायचं, 'शुद्धता ९५ टक्के.'

ही शुद्धताही मोठी बेरकी बाई आहे. आमच्या लहानपणी एक दूधवाला सांगायचा, "वैनी, दूध शंभर टक्के शुद्ध आहे." म्हणजे भांड्यात जे दूध होतं ते शुद्धच होतं, पाण्याविषयी तो काही बोललाच नव्हता. पेप्टाइडचं तसंच. ९५ टक्के शुद्धता ही पेप्टाइडातल्या पेप्टाइडाची. कुपीतल्या वजनात शिवाय क्षार आणि ओलावा असतो, त्याचा आकडा वेगळा विचारावा लागतो. तो मी पहिल्याच महिन्यात विचारला. साहेब चकित झाले. त्यांच्याकडे दूधवाला येत नसावा.

आता थंडी. लायडनला थंडी हे घराणं आहे. याच गावात १९०८ साली कामरलिंग ओनेस यांनी हेलियमचं पाणी करून दाखवलं, शून्याखाली २६९ अंशांवर! त्या मानानं माझा कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांचा, म्हणजे आंघोळीचं पाणी. वाळवलेली पेप्टाइडं चार-दोन दिवस साध्या हवेत निभावतात. विरघळवून गोठवलेली असली की त्यांना हा बर्फ लागतो. तो वितळत नाही, थेट हवा होतो. म्हणून खोकं हवाबंद करायचं नाही. केलं तर फुटतं. वर धोक्याचं लेबल, यूएन १८४५, आणि बर्फाचं वजन किलोत. एक मिलीग्राम मालाला पाच किलो बर्फ. वराला घोडा नाही, घोड्याला वर म्हणायची वेळ.

शिवाय मुहूर्त. शुक्रवारी निघालेलं खोकं शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात हवा खात बसतं, म्हणून माल सोमवारी निघाला पाहिजे. माझ्या टेबलावर सगळ्या युरोपचं पंचांग आहे. २७ एप्रिलला आमच्या राजाचा वाढदिवस. स्वर्गारोहणाचा गुरुवार गेला की पेंटेकॉस्टचा सोमवार आलाच. १५ ऑगस्टला बेल्जियम आणि फ्रान्स बंद. स्वातंत्र्य आपलं, सुट्टी त्यांना!

आणि कस्टम्स! पूर्वी इंग्लंडहून कुपी यायची म्हणजे मिरजेहून सांगलीला पाहुणा यावा तसं होतं. १ जानेवारी २०२१ पासून तो पाहुणा परदेशी झाला. आता त्याचे कागद लागतात. वस्तू काय? कशासाठी? प्राण्यापासून काढलेली आहे का? मी लिहितो, 'कृत्रिम, प्राणिजन्य नाही.' म्हणजे शुद्ध शाकाहारी. रसायनांचा एक कायदाही आहे. आयात वर्षाला एक टनाखाली असेल तर त्यात नोंदणी लागत नाही. एक टन म्हणजे आमच्या शंभर कोटी कुप्या. एवढ्या मागवायचा तूर्त विचार नाही.

आमच्याकडे पोर्तुगालची एक मुलगी पीएच.डी. करत होती. चार वर्षांच्या करारातले पाच महिने उरलेले. तिचं पेप्टाइड इंग्लंडहून गोठवून निघालं, सोमवारीच निघालं. पण वाहतूकवाल्यांनी एका फॉर्मातला एक रकाना कोरा ठेवला आणि खोकं कस्टम्समध्ये आठ दिवस बसलं. आलं तेव्हा बर्फ आपल्या स्वभावाला जागून हवा झाला होता. कुपी मात्र नव्यासारखी. आत काही दिसत नव्हतंच, ते आताही दिसत नव्हतं. पुरवठादार फोनवर म्हणाला, "बहुधा काही झालेलं नसेल." तिचे गाइडही म्हणाले, "वापर, बहुधा चालेल."

'बहुधा' या शब्दावर निम्मं जग चालतं. पण ती मुलगी कुपी घेऊन रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राकडे गेली. तासाभरानं माझ्या टेबलाशी आली आणि एक कागद पुढं केला. एका शिखराच्या जागी दोन शिखरं. दुसरं सोळानं जड. सोळा म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. माळेतल्या मेथिओनिन नावाच्या मण्याला तो येऊन चिकटला होता. म्हणाली, "पुन्हा मागवा." मी म्हटलं, "सहा आठवडे लागतील." "माहीत आहे." डोळे भरलेले, पण आवाज सरळ. मला सुचेना. ड्रॉवरमधला चिवड्याचा डबा तिच्यापुढं सरकवला.

त्याच आठवड्यात सांगलीहून अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. वय बासष्ट, पोट त्याहून वयस्कर.

"अरे, तू पेप्टाइडच्या धंद्यात आहेस ना? त्यानं वजन उतरतं म्हणे."

"अण्णा, ते औषध वेगळं. डॉक्टरच्या चिठ्ठीनं मिळतं."

"पण ते पेप्टाइडच ना?"

"पेप्टाइडच. त्या कुळातलं पहिलं औषध तर अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेवरून निघालं."

"म्हणजे अस्सल आयुर्वेदिकच की! पाठव एक कुपी."

मी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली, 'केवळ संशोधनासाठी, माणसांसाठी नाही.' सांगितलं, की यात उरलेले पाच टक्के काय आहे हे बशीतल्या पेशींना चालतं, रक्ताला चालेलच असं नाही. ती जंतूविरहित आहे की नाही हेसुद्धा कुणी तपासलेलं नसतं. बोलता बोलता त्या मुलीची हकिकतही सांगितली. अण्णा क्षणभर गप्प झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे ती खराब झालेली कुपी तुम्ही टाकूनच देणार?"

"अण्णा," मी म्हटलं, "जी कुपी ती पोरगी बशीतल्या चार पेशींना द्यायला तयार नाही, ती मी तुम्हाला देऊ?"

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. "पेशींचे एवढे लाड करता होय रे तुम्ही?" एवढंच म्हणाले, आणि वहिनींना फोन दिला.

दुसरं खोकं सहा आठवड्यांनी आलं, मंगळवारी, बर्फ शाबूत. दाखल्यावर सगळं ठीक होतं. तरी ती पोरगी कुपी घेऊन आधी यंत्राकडेच गेली. शिखर एकच निघालं. उरलेले साडेतीन महिने तिच्या खोलीतला दिवा मी घरी जाताना कधी विझलेला पाहिला नाही.

अण्णा डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी तूर्त औषध न देता चालायला सांगितलं. वहिनी कळवतात, रोज सकाळी हरिपूरपर्यंत चालत जातात आणि येताना भडंग खातात. त्या भडंगाची शुद्धता किती टक्के, हे अण्णांनी अजून कुणाला विचारलेलं नाही.